ऐरणीवरचं खरं

फाराकोरोचा लोहार फामोरो कान्ते याला खोटं बोलायला फार आवडायचं, आणि त्यात त्याचा हात धरणारा सांकरानी नदीच्या अलीकडे कुणी नव्हता. त्यानं म्हणे एकदा अशी सुरी घडवली की तिनं कोंबडीची सावलीच कापली, आणि ती कोंबडी उरलेला जन्म भर उन्हात सावलीवाचून हिंडली. ही गोष्ट ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती कोंबडी डोळ्यांनी पाहिली होती. उरलेल्या निम्म्यांनी तिचं कालवण खाल्लं होतं.

असा हा माणूस. आणि ज्या दिवशी खोटं बोलायची खरी गरज पडली, नेमकं त्याच दिवशी त्याच्या तोंडाला कुलूप लागलं.

तेव्हा आमचा राजा अल्मामी फ्रेंचांशी झुंजत होता. फ्रेंच लोक तोफा घेऊन यायचे, तह करायचे, तह मोडायचे, आणि मोडलेल्या तहाचे तुकडे हातात घेऊन आम्हालाच दगाबाज म्हणायचे. त्यांच्या बंदुका मागून भरायच्या, दम न घेता सात-सात बार काढायच्या. पण मग तशाच बंदुका अल्मामीच्या शिपायांच्या हातात दिसू लागल्या. दहा नव्हे, वीस नव्हे, शेकड्यांनी. गोऱ्यांच्या छावणीत हलकल्लोळ माजला. कोण विकतंय? इंग्रज विकतायत? जर्मन? एकमेकांना खरमरीत पत्रं गेली. लिहिणाऱ्यांच्या मनात सगळ्या जगाची नावं येऊन गेली, फक्त फाराकोरोचं आलं नाही.

त्या बंदुका फाराकोरोत व्हायच्या. पहिली एका मेलेल्या शिपायाच्या खांद्यावरून आली होती. फामोरोनं ती खोलली, जोडली, पुन्हा खोलली, आणि पाचव्यांदा डोळे मिटून जोडली. मग म्हणाला, "घडवणारा घाबरट दिसतो. जिथं एक खिळा पुरे तिथं तीन ठोकलेत." त्यानंतरचे सहा पावसाळे फामोरो आणि फाराकोरोचे आणखी बेचाळीस लोहार शेळीच्या कातड्याचे भाते आणि बाभळीचा कोळसा यांच्या जोरावर दिवसाला दोन बंदुका घडवत होते.

मग अल्मामीचा हुकूम आला. गोऱ्यांची एक तुकडी दोन मजलांवर येऊन ठेपली होती. कोठारं जाळा, विहिरी बुजवा, लोहारांनी ऐरणी उचलून पूर्वेला सांकरानीपार जायचं. बेचाळीस लोहार, त्यांची बायकापोरं, अवजारांची तीनशे ओझी, आणि नदीच्या उतारावर नावा फक्त सहा. सहा दिवस लागणार होते. गोरे पूर्वेचा रस्ता धरते तर दोन दिवसांत उतारावर पोचते, आणि मग अल्मामीच्या हातात बंदुकांऐवजी काठ्या उरल्या असत्या. सगळी लढाई त्या सहा दिवसांवर येऊन टेकली होती.

सगळे गेले. फामोरो मागं राहिला. का, तर त्याची ऐरण मूळ ऐरण होती. पणज्यानं ठोकलेली, जाडजूड लोखंडी खुंट्यासारखी, लाकडाच्या ओंडक्यात बसवलेली. तिच्या शेजारची भट्टी विझल्याशिवाय ती उपटायची नाही, आणि भट्टीवर पाणी टाकायचं नाही, माती लोटायची नाही, ती आपली आपण विझली पाहिजे, अशी रीत. त्याची बायको न्यालेन कपाळ बडवून म्हणाली, "अहो, गोरे तोफा घेऊन येतायत आणि तुम्ही निखारे राखत बसणार?"

"मी राखत नाही. ते विझायची वाट बघतोय."

"लवकर विझत नसतील तर?"

"तर मी गोऱ्यांना असं काही सांगेन की ते समुद्रात जाऊन पडतील. तू नावेत बस."

आणि खरंच, दोन दिवस भट्टीशेजारी बसून त्यानं खोटं रचलं. दक्षिण-पश्चिमेला, इंग्रजांच्या मुलखाकडे, एक डोंगर आहे, तिथं एक तांबड्या दाढीचा गोरा राहतो, त्याच्याजवळ वाफेचं यंत्र आहे, तोच बंदुका करतो, आणि लोहार सगळे त्याच्याकडेच पळालेत. गावात उरलेल्या चार कोंबड्यांसमोर त्यानं ते म्हणूनही पाहिलं. दाढीच्या जागी कोंबड्यांनी माना वर केल्या. फामोरो खूश झाला. निखारे मात्र अजून लाल होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोरे आले. आधी त्यांनी टेकडीवरून रिकाम्या गावावर नऊ गोळे टाकले. एक जळक्या कोठारावर पडला, सात रानात, आणि एकानं चारांपैकी दोन कोंबड्या मारल्या. मग बिगूल वाजला, झेंडा चढला, गाव जिंकलं गेलं. एवढ्या कष्टानं जिंकलेल्या गावात त्यांना एकच माणूस सापडला. तो लोहारशाळेत बसून भाजलेले शेंगदाणे खात होता.

तुकडीचा मुख्य कॅप्टन ब्रुसार. मिशांना मेण लावणारा, सडपातळ, घामट माणूस. या मुलखात येऊन त्याला आठ महिने झाले होते आणि मुलखाबद्दल तो एक पुस्तक लिहून मोकळा झाला होता. त्याच्याबरोबर एक तरुण डॉक्टर होता. त्याचं पोट इथल्या पाण्यानं इतकं बिघडलं होतं की त्याला कुठलंच मत फार वेळ धरून ठेवता येत नव्हतं. बाकी शिपाई बहुतेक आमच्याच बाजूचे, कुणी पोटासाठी गेलेले, कुणी पकडून नेलेले. त्यांतला एक नाईक दुभाष्याचं काम करायचा. लाल टोपी, निळा डगला, उंच आणि काटकुळा.

"नाव काय रे म्हाताऱ्या?" नाईकानं विचारलं.

"फामोरो कान्ते, लोहार. तुझं?"

"देम्बा सांगारे."

फामोरोच्या तोंडातला शेंगदाणा जागच्या जागी थांबला. सांगारे म्हणजे फुला, गुरं राखणाऱ्यांच्या जातीचा. आणि फुला आणि लोहार म्हणजे जन्माचे थट्टेचे भाऊबंद. भेटले की एकमेकांना शिव्या घालायच्या, राग धरायचा नाही. एकानं काही मागितलं तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही. आणि काहीही झालं तरी एकानं दुसऱ्याचं रक्त सांडायचं नाही. हे कुणी मोडलेलं कुणाच्या ऐकिवात नाही.

"फुला!" फामोरो ओरडला. "गुरं चोरायची सोडून आता गोरे राखायला लागलास होय रे गुलामा? दूध देतात का तरी?"

देम्बाचा चेहरा एकदम उजळला. कितीतरी महिन्यांत त्याला कुणी मनापासून शिवी दिली नव्हती. "गुलाम तू! तुझा आजा माझ्या आज्याचा गोठा झाडायचा, आणि शेणात सुद्धा खोट काढायचा. हे काळं तोंड धुतोस कधी, का जावई यायची वाट बघतोस?"

"तुला जावई करून घ्यायला माझी मुलगी आंधळी पाहिजे. आणि बहिरी. आणि तिला नाकही नको."

"काय म्हणतोय?" कॅप्टननं विचारलं.

"तब्येत विचारतोय साहेब," देम्बा म्हणाला. आणि ते खरंच होतं.

कॅप्टन एका पेटीवर बसला, वही उघडली. फामोरोनं घसा साफ केला. तांबड्या दाढीचा गोरा जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. तेवढ्यात कॅप्टननं बोट वर केलं.

"थांब. मी या लोकांना ओळखून आहे. यांचा लोहार ऐरणीवर हात ठेवून खोटं बोलत नाही. माझ्या पुस्तकात चौथ्या प्रकरणात आहे. हात ठेव म्हणावं."

देम्बानं ते सांगितलं तेव्हा त्याचा स्वतःचाच आवाज बारीक झाला होता.

गोऱ्यांना आमच्याबद्दल शंभर गोष्टी कळल्या तर त्यांतल्या नव्व्याण्णव उलट्या कळतात. ही एक नेमकी सरळ कळावी, याला काय म्हणावं! लोहारानं ऐरणीवर हात ठेवून खोटं सांगितलं तर तो एकटा मरत नाही. त्याच्या सगळ्या कुळाच्या हाताला लोखंड ओळख देईनासं होतं. तापवलं तरी मऊ होत नाही, पाणी दिलं तरी कडक होत नाही. म्हणजे बेचाळीस लोहार नदीपार सुखरूप पोचले असते आणि तिथं जाऊन त्यांनी गार लोखंड बडवत बसायचं.

फामोरोनं ऐरणीवर हात ठेवला. ती भट्टीच्या धगीनं कोमट होती.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "तुझा हात तर ऐरणीवर नाही. तूच काही बदलून सांग की."

"लोहाराच्या ऐरणीवरचा शब्द फुलानं फिरवला तर गाई आटतात," देम्बा तोंड न हलवता म्हणाला. "माझ्या घरी सत्तर गाई आहेत. शिव्या गाळीन, त्या आपल्या घरच्या. बाकी जसंच्या तसं."

"सत्तर! चोरलेल्या धरून?"

"चोरलेल्याच सत्तर. घरच्या वेगळ्या."

कॅप्टननं एक बंदूक पुढं केली. कुठल्याशा चकमकीत हाती लागलेली. "ही कुणी केली?"

फामोरोनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि ओशाळला. "मीच. तिसऱ्या पावसाळ्यातली आहे. खटक्याची स्प्रिंग जरा जास्त कडक झालीय. कोळसा ओला होता."

देम्बानं सांगितलं. कॅप्टन हसला. मिशीचं मेण तडकेपर्यंत हसला.

"कुठल्या यंत्रावर?"

फामोरोनं भोकं पाडायचा, दोरी गुंडाळलेला सामता दाखवला, कानशी दाखवल्या, आणि आपले दोन हात दाखवले. एका हाताला साडेतीनच बोटं होती. कॅप्टननं ते हात पाहिले आणि रुमाल नाकाला लावला.

"कुठला गोरा होता इथं?"

"आज सकाळपर्यंत कुणीच नव्हता. तोवर वारा बरा येत होता."

देम्बानं पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं घरचं म्हणून ठेवून घेतलं.

"बरं. लोहार कुठं गेले?"

इथं फामोरो गप्प बसला. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. गाव सुटलं तेव्हा सगळा परगणा हलला होता, गुरांच्या आणि माणसांच्या वाटा चारी दिशांना गेल्या होत्या, बघून कुणाला काही कळलं नसतं. तो गप्प बसला, आणि आपण आता मरणार हे त्यानं मनाशी मान्यही केलं. साठ वर्षं झाली होती. पुरे होती. बेचाळीसांना आणखी तीन दिवस मिळाले तर वाईट काय?

"बोलत नसेल तर गोळी घाल," कॅप्टन देम्बाला म्हणाला. त्यात राग नव्हता. खुर्ची सरकव म्हणावं तसं म्हणाला.

देम्बा हलला नाही. लोहाराचं रक्त तो सांडू शकत नव्हता, आणि गोऱ्याचा हुकूम मोडला की त्याला दुसरा कुणी गोळी घालणार होता. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला आणि टोपीचा लाल रंग घेऊन गालावर उतरला.

"अरे बोल ना, कोळशाच्या गोणी!" तो म्हणाला. "तू मरशील तो मरशील, मलाही घेऊन जाशील. माझी बायको तुला न्यायला आलेल्या सगळ्या पितरांना झाडूनं मारील."

फामोरोनं त्याच्याकडे पाहिलं. मग कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनच्या तोंडावर मघाच्या हसण्याचं उरलंसुरलं अजून होतं. आणि फामोरोच्या मनात हळूच एक गोष्ट आली. ती इतकी वेडी होती की आधी तो स्वतःच तिच्यापासून मागं सरला. या माणसाला आतापर्यंत आपण तीन गोष्टी सांगितल्या. तिन्ही खऱ्या. एकीवरही याचा विश्वास बसला नाही. बंदूक आपण केली हे याला पटत नाही, कारण ते पटलं तर त्याला बूट काढून घरी जावं लागेल. चौथी खरी सांगितली तर?

आणि पटली तर? तर बेचाळीस लोहार, न्यालेन, सगळं गेलं. जन्मभर खोट्यावर पैज लावणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच खऱ्यावर पैज लावायची होती. हाताखालची ऐरण मात्र कोमटच होती.

"सांगतो," तो म्हणाला. "सगळे पूर्वेला गेलेत. सांकरानीच्या उतारावर. बेचाळीस लोहार आहेत, तीनशे ओझी आहेत, नावा सहाच. आज निम्मे अजून अलीकडेच असतील. बरोबर पहारा नाही. साहेबानं दुपारी निघावं, परवा सकाळी उरलेले हातात येतील. त्या मोठ्या चिंचेपाशी डावी वाट धरायची, उजवी धरू नये, तिथं चिखल आहे."

"खुळ्या," देम्बा पुटपुटला, "चिखलाचं कशाला?"

"सांगायचं तर नीट सांगावं."

देम्बानं एकेक शब्द सांगितला, चिखलासकट. कॅप्टननं तो लिहून घेतला. मग पेन्सिल ओठावर आपटत तो बराच वेळ विचार करत बसला. फामोरोला वाटलं, आपल्या छातीत कुणीतरी घण घालतंय आणि ते सगळ्या पलटणीला ऐकू येतंय.

"विलक्षण!" अखेर कॅप्टन डॉक्टरला म्हणाला. "हा खोटं बोलत नाही."

देम्बानं हे ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

"हा ऐरणीवर खोटं बोलूच शकत नाही," कॅप्टन पुढं म्हणाला. "म्हणजे याला हे सगळं खरंच वाटतं. बंदुका आपण केल्या असं याला वाटतं! उघड आहे, याच्या मागं कुणीतरी फार हुशार गोरा आहे. त्यानं या खुळ्याला चार कानशी देऊन बसवलं, आणि तूच करतोस रे बाबा असं याच्या गळी उतरवलं. जाताना सांगून गेला की आम्ही पूर्वेला जातो. का? मी येऊन विचारीन म्हणून! याचा अर्थ ते पूर्वेला नक्कीच गेलेले नाहीत. ते इंग्रजांकडे गेले. दक्षिण-पश्चिमेला."

फामोरोनं दोन दिवस खपून रचलेलं खोटं त्या माणसानं बसल्या बैठकीला स्वतःच रचलं, आणि वर स्वतःच त्यावर विश्वास ठेवला. दाढी तेवढी राहिली.

देम्बानं हे फामोरोला समजावलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. फामोरो खोकला. देम्बानं टोपी काढून आत काहीतरी शोधलं.

पण तो मेला डॉक्टर! पोट धरून उभा असलेल्या त्या माणसानं खाली पडलेली एक कानस उचलली, एक अर्धवट नळी उचलून उजेडाकडे धरली, तिच्यातून पलीकडे पाहिलं. "कॅप्टन, ही आतून आरशासारखी आहे हो. एकदा परीक्षा तर घ्या. भट्टी तापलेलीच आहे. याला एक स्प्रिंग करायला सांगा."

"मूर्खपणा आहे," कॅप्टन म्हणाला. "पण होऊन जाऊ द्या."

बंदुकीची स्प्रिंग मोडून फामोरोच्या पुढ्यात टाकली. अशी कर म्हणे. देम्बाला भात्यावर बसवलं. फुला लोहाराच्या भात्यावर! एरवी या एका गोष्टीवर फामोरोनं दहा वर्षं काढली असती. आता त्याचं सगळं लक्ष त्या मोडक्या स्प्रिंगकडे होतं. स्प्रिंग चांगली झाली तर हा डॉक्टर पुढं बोलेल, कॅप्टनच्या डोक्यात उजेड पडेल आणि तोफा पूर्वेला वळतील. वाईट करायची तर या ऐरणीवर जाणूनबुजून वाईट काम करणं म्हणजे हातानं खोटं बोलणं. शिवाय, खरं सांगायचं तर, पितरांच्या भीतीहूनही मोठी अडचण वेगळीच होती. साठ वर्षांत त्यानं वाईट स्प्रिंग केलीच नव्हती. त्याच्या हातांना ती येतच नव्हती. आणि समोर तो मेणाच्या मिश्यांचा माणूस तोंडात हसू घोळवत उभा. ते हसू पुसून टाकायला अर्धी घटका पुरे होती. फामोरोचे हात नुसते शिवशिवत होते.

त्यानं लोखंडाचा तुकडा निखाऱ्यात सारला. देम्बा भाता मारत त्याचे हात पाहत होता. फुला गुरं ओळखतात ती चालीवरून. हा म्हातारा आता चांगलीच स्प्रिंग करणार हे त्यानं ओळखलं.

"ए लोहारा," देम्बा म्हणाला. "मला एक कुदळ पाहिजे."

"काय?"

"कुदळ. भुईमुगाला. बायको किती दिवस मागं लागलीय. थट्टेचा भाऊ तुझ्या दारात येऊन मागतोय. नाही म्हणतोस?"

फामोरोनं चिमट्यानं लोखंड जरा बाहेर ओढलं. लोखंड लाल झालं होतं, पिवळं व्हायला लागलं होतं. थट्टेचा भाऊ मागेल ते आधी. राजाचं काम असलं तरी आधी. त्याला नाही म्हणता येत नाही, उद्या ये म्हणता येत नाही. हे ऐरणीच्या रीतीहूनही जुनं.

"गुराख्याच्या हातात कुदळ!" तो कसाबसा म्हणाला. "दांडा कुठल्या बाजूला असतो ते तरी ठाऊक आहे का रे?"

"तू पातं कर. दांड्याचं गाय सांगेल."

आणि फामोरोनं कुदळ केली. साठ वर्षांत केली नव्हती अशी केली. पातं रुंद, मधे हलकं खोलगट, कडेला एवढंसं वळण. मनात धरून ठेवलेली सगळी स्प्रिंग, सगळी बंदूक, सगळा राग त्यानं त्या पात्यात ठोकला. पाण्यात घातली तेव्हा ती शीळ घातल्यासारखी वाजली. मग त्यानं ती देम्बापुढं ठेवली.

कॅप्टननं कुदळ पाहिली. मोडकी स्प्रिंग पाहिली. पुन्हा कुदळ पाहिली. यावेळी त्याला बसावं लागलं, एवढं हसू आलं. "स्प्रिंग मागितली, आणि त्यानं खुरपं केलं! डॉक्टर, हा तुमचा बंदूक घडवणारा!"

डॉक्टरनं पातं उचललं. नखानं वाजवलं. त्याचा नाद बराच वेळ हवेत राहिला. त्यानं फामोरोकडे पाहिलं, आणि फामोरोच्या छातीत पुन्हा घण पडायला लागले, कारण ते डोळे समजलेल्या माणसाचे होते. डॉक्टरनं तोंड उघडलं.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" कॅप्टननं विचारलं.

डॉक्टरला म्हणायचं होतं. पण पूर्वेला गेलं तर आणखी लढाई, आणि दक्षिण-पश्चिमेला समुद्र, बोट, आणि उकळलेलं पाणी. शिवाय नेमक्या त्याच वेळी त्याच्या पोटात कळ आली. "नाही," तो म्हणाला आणि घाईनं झुडपांकडे गेला. पोट बिघडण्यामुळे माणसाच्या हातून सत्कृत्य घडल्याचं हे मला माहीत असलेलं एकच उदाहरण.

दुपारी तुकडी दक्षिण-पश्चिमेला निघाली. जाताना कॅप्टनला दया आली. त्यानं एका कागदावर लिहिलं की हा इसम निरुपद्रवी, प्रामाणिक मूर्ख आहे, याला कुणी त्रास देऊ नये. खाली सही केली, शिक्का मारला, आणि कागद फामोरोच्या हातात कोंबला. कुदळ तो घेऊन गेला. स्थानिक कारागिरीचा नमुना म्हणून ती पॅरिसला पाठवायची होती.

"माझी कुदळ!" देम्बा रांगेतून ओरडला.

"पळून ये, दुसरी देतो," फामोरो ओरडला. "आणि तुझ्या त्या चोरलेल्या गाईंना माझा नमस्कार सांग!"

"तुझ्या बायकोला माझा सांग! म्हणावं, गुलामाला जेवू घाल, हाडं दिसायला लागलीत!"

देम्बाची लाल टोपी वळणाआड गेली. तो पुढं जगला की मेला, आला की नाही, हे इकडे कुणाला कळलं नाही. फामोरो रोज सकाळी त्या दिशेला तोंड करून दोन शिव्या देत असे, शेवटपर्यंत.

कुदळीपायी भट्टी पुन्हा पेटली होती, म्हणून तो आणखी तीन दिवस बसला. मग ऐरण पाठीला बांधून पूर्वेला चालू लागला. वाटेत आता गोऱ्यांचं एक नवं ठाणं पडलं होतं. तिथल्या सार्जंटनं कागद वाचला, हसला, त्याला मीठ दिलं आणि ओझं उचलून चढवायला दोन शिपाई दिले. उतारावर एकच नाव उरली होती. तीत न्यालेन हात कमरेवर ठेवून उभी होती. बेचाळीस लोहार कधीच पार झाले होते.

"विझले का निखारे?" ती म्हणाली. "का अजून एखादं लग्न लावून यायचं होतं?"

कॅप्टन सतरा दिवस दक्षिण-पश्चिमेला चालला. शेवटी एका मिशनजवळ त्याला मोडकं घड्याळ दुरुस्त करत बसलेला एक गोरा पाद्री सापडला. त्याच्याजवळ स्प्रिंगा होत्या. त्याला बेड्या पडल्या, आणि त्या पाद्र्यापायी दोन सरकारांमध्ये दोन वर्षं पत्रव्यवहार चालला, असं म्हणतात. तेवढ्या वेळात नदीपार नव्या भट्ट्यांतून बंदुका बाहेर पडत होत्या. अखेर अल्मामी हरला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या साली हरला नाही, आणि त्या लोहारांमुळे पुढची कित्येक सालंही नाही.

कागद मात्र कामाचा निघाला. अल्मामीचे हेर तो दाखवून ठाण्यामागून ठाणी ओलांडू लागले. आधी एक तरुण गेला, मग एक लंगडा, मग न्यालेनची बहीण. सार्जंट एकदा म्हणालाही, "हा मूर्ख दर खेपेला वेगळा दिसतो," आणि मीठ देऊन सोडून दिलं. पुढं कागद घामानं फाटला तेव्हा लोकांनी तो फामोरोकडे आणला. त्यानं शिक्का उन्हात धरून पाहिला आणि पितळेचा तुकडा मागवला. शिक्का काय, बंदुकीपुढं पोरखेळ होता.

त्या उन्हाळ्याअखेर फ्रेंचांच्या ठाण्यांतून दीडशेवर प्रामाणिक मूर्ख सुखरूप गेल्याची नोंद झाली. वरच्यांनी आकडा पाहिला, मुलूख झपाट्यानं शांत होतोय असं लिहिलं, आणि कॅप्टन ब्रुसारला बढती दिली.